नेलीचं तोंड मी बिघडवलं

मारुती, तुझं तेरावं होऊन आज पाच दिवस झाले. तेराव्याला मी आलो नाही. "एवढा जिवाभावाचा दोस्त म्हणं, अन् दाराकडं फिरकला न्हाय," असं गावात झालंच असणार. कुणी माझी बाजू घेऊन म्हणालं असेल, जैनाचं घर, खाण्यापिण्याचे नियम असतील त्याचे. नियमबियम काही नव्हतं रे. मी घरात बसून होतो. तुझ्या दारात उभं राहायला मला तोंड नव्हतं. काल आणि आज तेच तोंड घेऊन दोन दारं फिरून आलो, म्हणून लिहायला बसलोय.

वैद्य म्हणतो तू तापानं गेलास. असेल. पण मला विचारशील तर तू इनामदारांच्या माळावरच अर्धा गेलतास. साहेबाची ती कुत्री, नेली, तिनं सगळ्यांदेखत तित्तराचा चुरा केला, आणि वीस वर्षं कुत्री घडवलेल्या माणसाला कुणीतरी हसून म्हणालं, "खाटीक सांभाळलाय काय रं?" तू ते खालमानेनं ऐकून घेतलंस. चूक तुझी नव्हती, माझी होती. तू जिता असताना मी हे तुला सांगितलं नाही. आता सांगतोय, वरातीमागनं घोडं.

चौथीपर्यंत आपण एकाच तरटावर बसलो. मग मी वडिलांच्या तंबाखूत गेलो आणि तू बेळगावच्या कॅम्पात, एका साहेबाची कुत्री सांभाळायला. गाव तुला हसलं. माळकरी असलेला तुझा चुलता तर महिनाभर तुझ्याशी बोलला नव्हता. तू सुट्टीला आलास की तुझ्या सदऱ्याला कुत्र्याचा वास यायचा आणि तोंडात त्यांचीच पोथी असायची. साहेबाकडं कुत्र्यांच्या कुळीचं एक जाड पुस्तक होतं. तो त्यातली चित्रं दाखवून तुला सांगायचा आणि तू आमच्या बांधावर बसून मला.

"नेम्या, ह्या स्पॅनियलांचं मूळ गाव स्पेन म्हणत्यात, नावच त्यावरनं पडलंय. बंदुका नव्हत्या तवापास्नंची जात ही. ह्यांनी झुडपातनं पाखरं उठवायची, अन् वरनं ससाण्यानं धरायची. न्हायतर माणसांनी जाळं टाकायचं. मग बंदूक आली, ससाणा गेला. ह्यांचं काम हाय तेच ऱ्हायलं."

"आणि हे स्प्रिंगर, कॉकर काय असतंय?"

"एकाच आईच्या पोटची की रं! थोराड निघालं ते स्प्रिंगर, पाखरू उठवणारं. बारकं निघालं ते कॉकर. लई वर्सं असंच चाललं. आता आता कुठं त्यांची दोन घराणी लिहून ठेवलीत."

"म्हणजे भावाभावांत वाटणी झाली म्हण की."

"आमच्या वाटणीपरीस बरी झाली. कोर्टात न्हाय गेली."

केवढ्यांदा हसलो होतो आपण. तू मग आणखी रंगात यायचास. हे राखणीचं कुत्रं न्हवं, चोर आला तर त्याच्याच पायात लोळंल, म्हणायचास. नाक भुईला लावून, वळणं घेत, गवत हुंगत जायचं, पण बंदुकीच्या टप्प्यातच. पाखरू उडालं की मागं धावायचं नाही, जागीच बसायचं. पडलं की जाऊन उचलायचं आणि पीस न मोडता आणून द्यायचं. बेळगुंदीच्या भातखाचरांतले पाणलावे, नंदगडच्या रानातले रानकोंबडे, सगळं तू मला बांधावर बसल्या बसल्या फिरवून आणलंस. मारलेल्या पाखरांच्या गोष्टी ऐकायला नकोत म्हणून मी कानावर हात ठेवायचो, आणि हात जरा सैलच ठेवायचो.

एकदा साहेब थंड हवेला गेला आणि तू तरण्या नेलीला घेऊन आमच्या सोप्यात आलास. तपकिरी आणि पांढरी, कान गालाखाली लोंबणारे, शेपटाचा नुसता खुंट, तो सारखा हलतोय. तू खिशातनं अंडं काढलंस. आमची आई, आव्वा, केवढी ओरडली! "मेल्या मारुत्या, माझ्या सोप्यात अंडं?"

"खायला न्हाय गं आव्वा, दावायला आणलंय."

तू ते विहिरीजवळ गवतात ठेवून आलास. नेली गेली, तोंडात घेऊन आली, तुझ्यासमोर बसली. तू उकिडवा बसलास, हात पुढं धरलास आणि थांबलास. तिनं आपणहून अंडं तुझ्या तळहातावर सोडलं. तडाही नाही. आव्वा दाराआडनं बघत होती. "फुटलं न्हाय व्हय?" तिनंच विचारलं. तू निघून गेल्यावर तिनं सोपा दोनदा सारवला, पण ती गोष्ट तिनंच चार घरी सांगितली.

भांडणंही झाली आपली. शेपटाचं भांडण तर शेवटपर्यंत मिटलं नाही. जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी पिल्लाचं शेपूट कापतात, हे ऐकून मी तुला नाही नाही ते बोललो. तू म्हणालास, "काट्याकुट्यात हलवून हलवून फाटतंय रं ते, रगत थांबत न्हाय." मी म्हणालो, "मग काट्यात नेताच कशाला?" मला लई आनंद झाला होता तेव्हा. वादात तुला गप्प केलं की मला दिवसभर बरं वाटायचं, हे आज कबूल करतो.

औंदा आषाढात तू भिजत आलास. निपाणीपर्यंत सर्व्हिस मोटारीनं आणि पुढं चालत, नेलीला घोंगड्यात गुंडाळून. राज्य सोडून जायची साहेब लोकांची आवराआवर चालली होती. तुझ्या साहेबानं दोन म्हातारी कुत्री गोळी घालून मारली, हे तू मला दारातच सांगितलंस.

"म्हणाला, दुसऱ्याच्या दारात हाल होऊन मरण्यापरीस बरं. बंदूक त्याची. कुत्री धरली मी. पाव चारला अन् धरली."

"साहेब रडला?"

"रडला की. मी न्हाय रडलो."

तिसरी नेली होती. साहेबाला तू सांगितलंस, ती पळाली. त्यावर मी शहाण्यानं काय म्हणावं? "म्हणजे खोटं बोललास." तू नेलीचं घोंगडं सोडवत होतास. "व्हय. बोललो," म्हणालास. दोन जीव हातानं धरून मारायला दिलेल्या माणसाला मी सत्यव्रत शिकवत होतो.

तुझ्या घरी वैनींच्या कोंबड्या. नेली दिवसभर एकेक कोंबडी उचलून दारात आणून ठेवणार. शिवाय साहेब जाईपर्यंत तुला कॅम्पातच राहायचं होतं. "जैनाच्या घरात कोंबडी न्हाय, बंदूक न्हाय," तू म्हणालास, "हिला तुझ्याइतकी चांगली जागा न्हाय." मग तू नेमून सगळं सांगितलंस. पावसात भिजली की कान आतनं कोरडे कर. केसातली कुसळं रोज काढ. एकटी ठेवू नको, झुरती. आणि शेवटी माझा दंड धरून म्हणालास, "एक ध्येनात ठेव. तिनं तोंडात काय आणलं तर हिसकायचं न्हाय. बसायचं, हात म्होरं करायचा अन् थांबायचं. ती दीलच."

मी हो म्हणालो. बाकीचं सगळं पाळलं रे. आव्वा आपल्या जुन्या लुगड्याच्या मऊ चिंधीनं तिचे कान पुसायची. दिवस मावळायच्या आत तिला दूधभाकरी मिळायची, कारण आमच्यात दिवे लागल्यावर कुणी खात नाही आणि आव्वाच्या मते नेली आता आमच्यातली झालती.

पण मी चातुर्मासाचा नेम घेतला होता. माझ्या शिवारात माझ्या डोळ्यांदेखत एकही जीव मरू द्यायचा नाही. नांगराच्या तासात बेडूक दिसला तरी मी बैल थांबवायचो. बस्तीत, आमच्या देवळात, सगळ्यांसमोर माझं कौतुक झालं. आजूबाजूच्या चार गावांत झालं. मी वरनं नको नको म्हणत होतो आणि आतनं फुगलो होतो.

आणि एक दिवस नेलीनं बांधाच्या गवतात अंड्यांवर बसलेली लावी उचलून आणली. जिवंत. तिच्या दाताचा ओरखडाही नव्हता, पण मला ते कुठं दिसायला? मला तोंडात फडफडणारा जीव दिसला. तू म्हणाला होतास थांब. मारुती, मला थांबवेना. थांबायचं म्हणजे जीव जाताना बघत बसायचं, असं वाटलं मला. मी धावलो, तिचा जबडा दोन हातांनी फाकला आणि लावी ओढून काढली. ती उडाली. केवढं पुण्य वाटलं मला! बस्तीत जाऊन सांगितलंसुद्धा.

मग ते रोजचंच झालं. तिनं आणायचं, मी ओरडत धावायचं, कान पिळायचा, जबडा फाकायचा. ती मला बघून आधी बिचकायला लागली. मग लांब उभी राहायला लागली. मग तोंड घट्ट मिटायला लागली. मी जेवढा ओढायचो तेवढी ती दाबायची. भाद्रपदात, आमचं दशलक्षण पर्व चालू असताना, मी ओढलेली लावी माझ्या हातातच मेली. बरगड्या आत गेलेल्या. मी ती विहिरीमागं पुरली आणि हात धुऊन पूजेला गेलो.

त्यानंतर आणखी मेल्या. मी बस्तीत सांगितलं नाही. आव्वाला सांगितलं नाही. नेलीला साखळी बांधली आणि ती चावरी झाली अशी स्वतःची समजूत घातली.

पर्व संपलं की आमच्यात क्षमावाणी असते. वर्षभरात ज्याचं ज्याचं वाईट केलं असेल त्याच्यापुढं हात जोडायचे. मी हात जोडत गावभर फिरत होतो आणि तू ट्रंक घेऊन वेशीतनं आत आलास. साहेब गेला होता. मी तुझ्यापुढंही हात जोडले. "चुकलंमाकलं क्षमा कर."

तू हसलास. "माझं काय चुकवलंस रं तू?"

"काय नाही. रीत आहे," मी म्हणालो.

तिथं एक वाक्य बोललो असतो तर पुढचं काहीच झालं नसतं. वेशीत माणसं होती. मी एकटा असतो तर सांगितलं असतं, असं म्हणून बघतो, पण तेही खरं नाही.

चारच दिवसांत चिकोडीकडच्या इनामदारांचा निरोप आला. त्यांना शिकारीची कुत्री घडवणारा माणूस हवा होता, पण आधी कुत्रं बघणार, मग माणूस ठेवणार. तू केवढा खुलला होतास! दुसरं काही येत होतं काय तुला? शेत भावांकडं, नोकरी साहेबाबरोबर गेली. तू आमच्या अंगणात चिंध्यांचा चेंडू टाकलास. नेलीनं तो नीट आणून दिला. खरं पाखरू टाकून बघितलं नाहीस. म्हणालास, "तुझ्या नेमाची जमीन, हितं नको." माझ्या नेमाचा एवढा मान तू राखलास. आणि मी चेंडू नीट आला म्हणून सुटल्यागत श्वास सोडला. जाईल निभावून, म्हटलं.

शिकार बघायची नाही म्हणून मी माळावर आलो नाही. तू दिवस मावळताना परतलास, नेली मागं. इनामदारांच्या गोळीनं तित्तर पंखात जखमी होऊन झुडपात शिरला, नेलीनं बरोबर शोधला, उचलला, आणि तू हात पुढं करताच दहा पावलांवर उभी राहून तिनं तो कडाकडा चावला. तू एवढंच सांगितलंस, लोक हसल्याचं मला मागनं बाहेरनं कळलं. आमच्या पायरीवर बसून आपल्याच हाताकडं बघत होतास.

"माझाच हात कुठंतरी चुकला नेम्या."

आणि मी काय म्हणालो, आठवतंय? "वय झालं असेल तिचं."

दुसऱ्या दिवशी तुला ताप भरला. मी रोज येत होतो. दसऱ्याचं सोनं तुला अंथरुणावर दिलं, तू उशीखाली ठेवलंस. तीन वेळा तू मला विचारलंस, "हात कुठं चुकला असंल रं माझा?" एकदा वैनी पाणी आणायला गेल्या होत्या, घरात आपण दोघंच होतो. मी म्हणालो, "ताप उतरू दे, मग बोलू." तंबाखूच्या लावणीचं काहीतरी बोलत बसलो. तू डोळे मिटून ऐकत होतास. ताप उतरला नाही.

काल संध्याकाळी शेवटी वैनींकडं गेलो. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, लावी पुरल्यासकट. मला वाटलं त्या रडतील, नाहीतर मला दारातनं हाकलून देतील. त्या कोंबड्या झाकत होत्या, त्या झाकून झाल्यावर म्हणाल्या, "अण्णा, मला सांगून काय उपेग? त्यांचा हात कसा हुता ते मला ठावं हाय. जिथं त्यांची मान खाली गेली तिथं जाऊन सांगा."

रागानं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

आज सकाळी इनामदारांकडं गेलो. सदरेवर दहाबारा माणसं होती, त्यातले दोघं आमच्या बस्तीतले. बघून पाय मागं फिरत होते. पण बोललो. कुत्री आषाढापासनं माझ्याकडं होती. तोंडातलं हिसकू नको असं मारुतीनं मला बजावलं होतं. मी हिसकलं. पाखरं मेली, मी लपवली. मारुतीच्या हाताची चूक नव्हती. बस्तीतले दोघं खाली बघायला लागले.

इनामदारांनी सदरेवरच्यांकडं एकदा बघून घेतलं. मग म्हणाले, "नेमाण्णा, मलाही त्या दिवशी तेच वाटलं होतं. हसणारे हसले, पण मी कुत्री पाळलीत, मला कळतंय. तसलं तोंड ओढून काढणाऱ्या हातानंच बिघडतंय. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, कुणाकडं होती ही? नाव सांग, तुझ्यावर बोल येणार नाही, उद्यापासनं कामाला ये."

"मग?"

"मग काय? म्हणाला, 'माझ्याच घरात हुती सरकार. दुसऱ्या कुणाचा हात न्हाय लागला.'"

तुला माळावरच कळलं होतं. नोकरी समोर ठेवली होती रे तुझ्या, नुसतं माझं नाव घ्यायचं होतं. आणि घरी येऊन तू मला विचारत राहिलास, हात कुठं चुकला असेल म्हणून. एकदा तरी आईवरनं शिवी द्यायची होतीस मला. शेपटावरनं मी तुला किती बोललो, तू एक शब्द बोलला नाहीस.

सदरेवर सगळे माझ्याकडं बघत होते. इनामदारांनी विचारलं, "एकजण म्हणतोय त्याच्याकडं होती, दुसरा म्हणतोय माझ्याकडं. मेलेला माणूस खोटं बोलला म्हणायचं काय?"

"व्हय," मी म्हणालो. "मारुती खोटं बोलला."

चारचौघांत तुला खोटा पाडून मी घरी आलो.